परराज्यातली जुनी मोटार आणि महाडचा पावसाळा

महाड : दरवर्षी २० मार्च रोजी चवदार तळ्याच्या काठी राज्यभरातून माणसे येतात. १९२७ साली याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हजारो अनुयायांसह या तळ्याचे पाणी प्राशन केले होते. त्या सत्याग्रहाच्या स्मरणदिनी शहरातील रस्ते एस. टी., खासगी बस आणि मोटारींनी भरून जातात. एरवी शांत असलेल्या या गावात त्या दिवशी किती तऱ्हेच्या गाड्या दिसतात! पण महाडकर वाहनधारकांसाठी या तारखेला आणखी एक व्यावहारिक अर्थ आहे. येथून पावसाळा अवघ्या अकरा आठवड्यांवर येतो. ज्याच्या दारात नव्याने आणलेली जुनी मोटार उभी आहे, त्याच्यासाठी हे अकरा आठवडे तयारीचे असतात.

परराज्यातून जुनी मोटार विकत आणण्याचा मार्ग कोकणातील कुटुंबांनाही आता परका राहिलेला नाही. दिल्ली परिसरातील गाड्यांकडे त्यात विशेष लक्ष जाते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये तेथे दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध घातले. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये डिझेलसाठी दहा आणि पेट्रोलसाठी पंधरा वर्षांची मर्यादा कायम केली. २०२५ मध्ये न्यायालयाने या निर्बंधांच्या अंमलबजावणीबाबत नवे आदेश दिले. मात्र मधल्या काळात चालत्या स्थितीतील असंख्य गाड्या कमी किमतीत इतर राज्यांत गेल्या. किंमत पाहून मन मोहरते. पण ती मोटार ज्या हवेत आणि रस्त्यावर वाढली, त्यापेक्षा सावित्रीच्या खोऱ्यातील हवा आणि रस्ता अगदी वेगळा आहे. स्वस्त मिळालेली गाडी खरोखर स्वस्त पडली की नाही, हे येथे पहिला पावसाळाच ठरवतो.

परदेशातून नव्हे, परराज्यातून

परदेशातील जुनी मोटार आयात करण्याचा मार्ग सर्वसामान्य ग्राहकासाठी जवळपास बंदच आहे. आयात धोरणानुसार अशी गाडी उत्पादनापासून तीन वर्षांहून जुनी असता कामा नये, तिचे सुकाणू उजव्या बाजूला असावे, वेगमापकावर किलोमीटरचे आकडे असावेत आणि पुढचे दिवे डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीस योग्य असावेत, अशा अटी आहेत. त्यावर भरमसाट सीमाशुल्क भरावे लागते. त्यामुळे जुनी मोटार 'बाहेरून आणली' याचा अर्थ येथे बहुतेक वेळा दुसऱ्या राज्यातून आणली, असाच असतो. तिच्या तयारीची सुरुवात गॅरेजमध्ये होत नाही, कागदपत्रांपासून होते.

आधी कागद, मग किल्ली

मोटार वाहन कायदा १९८८ नुसार वाहन एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कायमचे न्यायचे असेल, तर मूळ परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. नमुना क्रमांक २८ तो हाच. ते मिळण्यापूर्वी वाहनावरील कर, दंडाच्या चलनांची थकबाकी आणि चोरीची नोंद यांची पडताळणी होते. गाडी कर्जावर घेतलेली असेल तर नोंदणी प्रमाणपत्रावर वित्तसंस्थेचा बोजा असतो. कर्ज फिटले आहे, एवढे विक्रेत्याचे तोंडी आश्वासन पुरेसे नाही. वित्तसंस्थेचे पत्र आणि नमुना क्रमांक ३५ यांच्या आधारे तो बोजा नोंदीतून उतरलेला असला पाहिजे.

मालकी हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३० आणि नव्या क्रमांकासाठी नमुना २७ भरावा लागतो. विक्रेता व खरेदीदार वेगवेगळ्या राज्यांत असल्यास हस्तांतरणाची माहिती देण्यासाठी विक्रेत्याला ४५ दिवसांची मुदत असते. खरेदीदाराने ३० दिवसांत आपल्या भागातील परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. परराज्याच्या क्रमांकावर बारा महिने गाडी चालवता येते, हा समज अर्धवट आहे. ती सवलत गाडी घेऊन दुसऱ्या राज्यात राहायला आलेल्या मूळ मालकाच्या सोयीची आहे. गाडी विकत घेणाऱ्याला हस्तांतरणाची मुदत चुकवता येत नाही. महाड व पोलादपूर तालुक्यांतील वाहनधारकांचा संबंध पेण येथील परिवहन कार्यालयाशी येतो. 'एमएच-०६' हा क्रमांक तेथलाच. महाराष्ट्राचा मोटार वाहन कर भरल्यावर मूळ राज्यात भरलेल्या कराच्या उर्वरित भागाचा परतावा मागता येतो. त्यासाठी मूळ पावती जपून ठेवावी.

गाडीचे वयही कागदावरच मोजले जाते. खासगी वाहनाची नोंदणी पहिल्या तारखेपासून पंधरा वर्षे ग्राह्य असते. राज्य बदलले, क्रमांक बदलला, तरी ही मुदत नव्याने सुरू होत नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही द्यावा लागतो. तेरा वर्षांची गाडी स्वस्त मिळाली, तर हा खर्च दोनच वर्षांवर आला आहे, हे हिशेबात धरावे. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी नसेल तर तीही बसवावी लागते.

विम्याबाबत एक बारकावा अनेकांच्या लक्षात येत नाही. मालकी बदलल्यावर तृतीय पक्ष विम्याचे संरक्षण गाडीबरोबर येते. पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीची भरपाई मिळण्यासाठी विमा कंपनीकडे पॉलिसी नव्या नावावर करून घेणे आवश्यक असते. त्यासाठी १४ दिवसांत अर्ज करावा. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत जुन्या मालकाची असते, ती गाडीबरोबर मिळत नाही.

बुडालेली गाडी ओळखावी कशी?

महाडकरांना पुराची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. २२ व २३ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी नद्यांचे पाणी शहरात शिरले. बाजारपेठ आणि तळमजले पाण्याखाली गेले, उभ्या मोटारी बुडाल्या. त्याच वेळी तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून मोठी मनुष्यहानी झाली. असेच पूर २६ जुलै २००५ रोजी मुंबईत, डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत आणि ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात आले. विमा कंपनीने पूर्ण नुकसान ठरवलेल्या गाड्या लिलावात विकल्या जातात. त्यांतील काही दुरुस्त होऊन, धुऊन-पुसून दूरच्या बाजारात पुन्हा उभ्या राहतात. ज्या गावाने गाड्या बुडताना पाहिल्या, त्याच गावात दुसऱ्या शहरात बुडालेली गाडी येऊन पोहोचू शकते. म्हणून विक्रेत्याच्या शब्दापेक्षा गाडीच्या अंगावरील खुणा वाचाव्यात.

सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहावा. बेल्टच्या आतल्या भागावर पाण्याची रेघ किंवा गाळाचा डाग राहिलेला असतो. सीट धुणारा माणूस तेथपर्यंत सहसा पोहोचत नाही. पुढची सीट मागे सरकवून तिच्या पट्ट्यांवरील आणि बोल्टवरील गंज पाहावा. गालिचा कोपऱ्यातून उचलून खालच्या फेसाला हात लावावा. डिकीतील स्टेपनी काढून तिच्या खोबणीत माती किंवा गंज आहे का, ते तपासावे. पुढच्या दिव्यांच्या काचेत आतून धुके, डॅशबोर्डखालील वायरींच्या जोडांवर हिरवट-पांढरा थर आणि अत्तराच्या उग्र वासाखाली दबलेला कुबट वास या सर्व खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात.

चावी फिरवताच डॅशबोर्डवरील एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. तो मुळीच लागला नाही, तर दिवाच काढून टाकला असण्याची शक्यता असते. इंजिन ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी किंवा कूलंट मिसळले आहे, असे समजावे. अधिकृत सेवा केंद्रातील नोंदी चासी क्रमांकावरून मागवाव्यात आणि त्यातील किलोमीटरचे आकडे मीटरशी ताडून पाहावेत. चाळीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीच्या ब्रेक पेडलचे रबर गुळगुळीत झालेले नसते. मीटर मागे फिरवता येते. रबराची झीज मागे फिरत नाही. संगणकीय स्कॅनर लावून जुन्या बिघाडांचे संकेतही वाचून घ्यावेत. गाडी घेण्यापूर्वी या तपासणीसाठी ओळखीच्या मेकॅनिकला दिलेले पैसे वाया जात नाहीत.

पहिला प्रवास सर्वांत लांब

दिल्लीहून रस्त्याने आणलेली मोटार तिच्या नव्या मालकाकडे येतानाच साधारण दीड हजार किलोमीटर धावते. बहुतेक जण गाडी आधी घरी आणतात आणि मग गॅरेजला दाखवतात. क्रम उलटा हवा. ज्या शहरात खरेदी झाली, तेथेच टायर, ब्रेक, कूलंट, पंख्याचा पट्टा आणि दिवे तपासून घ्यावेत. प्रवासात विमा, प्रदूषण प्रमाणपत्र, ना हरकत प्रमाणपत्र आणि विक्रीचे कागद गाडीतच असावेत. प्रवासाची खात्री वाटत नसेल, तर गाडी ट्रेलरवर आणणे शहाणपणाचे ठरते.

टायरची नक्षी शाबूत दिसली तरी टायर नवे असतेच असे नाही. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते. पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. '२३१८' म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. उत्तरेकडील कडक उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीच्या टायरचे रबर कडक होते व त्याला बारीक तडे जातात. कायद्याने मोटारीच्या टायरच्या खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. पण कोकणच्या ओल्या रस्त्यावर एवढ्यावर विसंबणे धोक्याचे आहे. खाच उथळ झाली की पाणी बाहेर फेकले जात नाही आणि टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो.

पहिली सर्व्हिस : सर्व नव्याने

गाडीचा पूर्वेतिहास पक्का ठाऊक नसेल, तर 'मागच्याच महिन्यात बदलले' हे वाक्य ऐकून घ्यावे आणि तरीही बदलून टाकावे. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, इंधन फिल्टर आणि कूलंट नव्याने भरावे. उत्तरेच्या धुळीत वापरलेल्या गाडीचा एअर फिल्टर आणि वातानुकूलन यंत्रणेचा केबिन फिल्टर हमखास भरलेला असतो. केबिन फिल्टर तुंबला की पावसात समोरच्या काचेवरील धुके हटत नाही. उन्हाळ्यात किरकोळ वाटणारा हा दोष जुलैच्या रात्री घाटात जीवघेणा ठरू शकतो.

टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनात तो कधी बदलला याचा पुरावा नसेल, तर पहिल्याच सर्व्हिसमध्ये बदलावा. तो चालत्या गाडीत तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात आणि दुरुस्तीचा खर्च बेल्टच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. ज्या इंजिनांत बेल्टऐवजी साखळी असते, त्यांत सकाळी गाडी सुरू करताना होणाऱ्या खडखडाटाकडे लक्ष द्यावे. सीएनजी गाडी असेल तर सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी दाबचाचणी झाली आहे का, ते प्रमाणपत्रावरून पाहावे.

पेट्रोलच्या जुन्या गाडीबाबत आणखी एक मुद्दा अलीकडच्या काळात महत्त्वाचा झाला आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आता देशभर विकले जाते. एप्रिल २०२३ पूर्वीच्या अनेक गाड्या या मिश्रणासाठी बनवलेल्या नव्हत्या. अशा गाडीतील इंधनाच्या रबरी नळ्या, सील आणि गॅस्केट यांची तपासणी करून घ्यावी. गाडी दीर्घकाळ उभी ठेवायची झाल्यास टाकीत पाणी शिरणार नाही, याची काळजी घ्यावी, कारण इथेनॉल पाणी शोषून घेते.

घाट उतरताना

महाड सखल भागात वसले असले तरी येथून बाहेर पडणारे बहुतेक रस्ते डोंगर चढतात. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठताना सुमारे चाळीस किलोमीटरांत साडेतेराशे मीटर उंचीवर जावे लागते. महाडहून भोरकडे वरंधा घाट जातो. खेडच्या दिशेने कशेडी घाट आहे. तेथील बोगद्यांमुळे महामार्गावरील प्रवास सुकर झाला असला तरी जुन्या घाटाचा रस्ता आहेच. दिल्ली, अहमदाबाद किंवा लुधियाना येथील सपाट रस्त्यांवर चाललेल्या गाडीचे ब्रेक आणि क्लच यांची खरी परीक्षा झालेली नसते.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. ओलावा मिसळलेले ऑइल तापले की त्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पेडल पायाखाली मऊ पडते. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलण्याची शिफारस असते. नव्याने आणलेल्या जुन्या गाडीत तर ते लगेच बदलावे. पुढच्या चाकांची डिस्क व पॅड, मागच्या चाकांचे ड्रम व लायनर उघडून पाहावेत. हँडब्रेक चढावर गाडी धरतो का, हे पाहावे. क्लच घसरत असेल तर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, वेग मात्र वाढत नाही.

यंत्र कितीही चांगले असले तरी घाट उतरण्याची रीत चुकली तर उपयोग नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, साधारण त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा चालकांचा जुना नियम आजही खरा आहे. इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणाऱ्याचा सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापून करपट वास आला तर सुरक्षित जागी थांबून ते निवू द्यावेत, त्यावर पाणी ओतू नये. चढणाऱ्या वाहनाला प्रथम वाट द्यावी, असे २०१७ च्या वाहनचालन नियमांतही नमूद आहे.

ओल, गंज आणि पाणी

महाड परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. कोरड्या प्रदेशातील गाडीचा पत्रा सहसा चांगला असतो, ही तिची जमेची बाजू. पण तिच्या पाणी जाण्याच्या वाटा धुळीने आणि पालापाचोळ्याने बुजलेल्या असतात. दारांच्या खालच्या कडेला असलेली छिद्रे, वायपरखालची पन्हळ आणि सनरूफ असल्यास त्याच्या नळ्या मोकळ्या कराव्यात. दारांची रबरे उन्हाने कडक झाली असतील तर बदलावीत. गाडीच्या खालच्या भागाला गंजरोधक लेप देताना आधी तो भाग धुऊन पूर्ण कोरडा करावा आणि असलेला गंज घासून काढावा. गंजावरच लेप चढवला तर ओल आत अडकते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. वायपरची पाती, धुक्यातील दिवे, बॅटरीची टोके आणि हॉर्न यांची तपासणी मे महिन्यातच संपवावी.

पूरग्रस्त भागातील वाहनधारकाने विमा घेताना केवळ तृतीय पक्ष विम्यावर थांबू नये. पुराने झालेली हानी त्यात भरून मिळत नाही. सर्वसमावेशक विम्यातही पाणी शिरलेले इंजिन सुरू करण्याच्या प्रयत्नातून झालेले नुकसान बहुधा वगळलेले असते. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड वेगळी घ्यावी लागते. गाडी पाण्यात बुडाली किंवा पाण्यात बंद पडली, तर चावी फिरवू नये. सिलिंडरमध्ये गेलेले पाणी दाबले जात नाही. दट्ट्याचा दांडा वाकतो आणि वाचू शकणारे इंजिन कायमचे जाते. जमल्यास बॅटरीचे टोक सोडवून, छायाचित्रे काढून, विमा कंपनीला कळवावे आणि गाडी ओढूनच गॅरेजला न्यावी.

भरलेल्या पुलावर गाडी घालू नये, हे सांगण्यासाठी महाडला दूरचे उदाहरण लागत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्री नदीचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला. दोन एस. टी. बसगाड्या आणि इतर वाहने प्रवाशांसह वाहून गेली. त्या रात्री त्या चालकांना पुढे पूल नाही, हे कळण्याची संधीच नव्हती. आज पावसाचे इशारे हातातल्या मोबाइलवर येतात. ते पाहून प्रवास पुढे ढकलणे हीदेखील गाडीची निगाच आहे.

हिशेब पूर्ण मांडावा

परराज्यातील जुनी मोटार घेणे चुकीचे नाही. कोरड्या हवेत राहिलेली, नोंदी स्वच्छ असलेली गाडी अनेकदा किनारपट्टीवरील गाडीपेक्षा सरस निघते. मात्र तिची किंमत म्हणजे केवळ विक्रेत्याला दिलेली रक्कम नव्हे. आणण्याचा खर्च, कर, नोंदणी, विमा, टायर आणि पहिली सर्व्हिस मिळून जो आकडा येतो, तो स्थानिक बाजारातील तशाच गाडीच्या किमतीशी ताडून पाहावा. फरक थोडाच उरत असेल तर इतका खटाटोप कशासाठी, हा प्रश्न विचारायला हवा. फरक मोठा असेल तर वाचलेल्या पैशातील काही भाग ब्रेक आणि टायरसाठी आधीच बाजूला काढावा.

मार्च महिन्यात चवदार तळ्याच्या परिसरात उन्हात झळाळणारी मोटार सर्वांनाच देखणी दिसते. जुलैच्या मध्यरात्री, आजारी माणसाला घेऊन घाट उतरताना ती भरवशाची ठरली, तरच तिच्यावर खर्च केलेली कुटुंबाची पुंजी सत्कारणी लागली असे म्हणता येईल.